जिनमैदानावरचा षटकार

चेंडू पुन्हा हापशीपाशीच पडला.

निकितानं कपाळाला हात लावला. ही सातवी खेप. आकडे तेच, वारा तोच, आणि चेंडू असला हट्टी की निळ्या खिडकीच्या अठरा पावलं अलीकडे, रस्त्यावरच्या हापशीशी टप्पा घेऊन मोकळा.

कारंजा गावचं जिनमैदान पाडून तिथं दुकानं उभी राहिली त्याला नऊ वर्षं झाली. पुण्यात कंप्युटरचे खेळ बनवणाऱ्या निकितानं सगळ्या सुट्ट्या त्यात घालून ते पडद्यावर परत उभं केलं. कापसाच्या जिनाची लांबलचक भिंत, बसायच्या सात पायऱ्या, कडुनिंब, भिंतीपलीकडचा रस्ता, हापशी आणि समोरचं निळ्या खिडकीचं घर. रविवारी जुने खेळाडू ते बघायला जमणार होते. शेवटी दाखवायचा होता तिच्या आबांचा, म्हणजे आजोबा रामकिसनचा षटकार.

आता त्या षटकाराचं काय सांगावं! चौऱ्यांशी सालची फायनल. मानोऱ्याच्या भाऊसिंगचा शेवटचा चेंडू रामकिसननं असा हाणला की तो भिंतीपार झाला. कप जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या न मारल्या, तोच पलीकडून खळ्ळकन काच फुटल्याचा आवाज आला. निळी खिडकी! तिथवर कुणाचाच चेंडू कधी गेला नव्हता.

जिनमैदानाचा एक कायदा होता. ज्यानं काच फोडली त्यानं स्वतः त्या घरी जायचं, माफी मागायची आणि नवी काच आपल्या हातानं बसवायची. रामकिसन मैदानावर वाघ, पण बाईमाणूस समोर आलं की आपल्याच चपलांकडे बघणारा. कायदा म्हणून गेला बिचारा. काच बसवायला दोन तास लागले. त्या घरची विजयमाला तेवढ्यात दोनदा चहा घेऊन आली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न.

ते घर पडलं तेव्हा आबांनी खिडकीची चौकट उचलून आणली. ती आता ओसरीत टांगलेली. येईल त्याला ते तिच्या कोपऱ्यातली खोक दाखवत. "पाह्य, अगुदर इथं लागला, मंग उसळून काच. एका चेंडूत दोन कामं."

एक भाऊसिंग तेवढा चाळीस वर्षं मान हलवत आला होता. "माहा चेंडू खिडकीपतूर? शक्यच नाई." तोही रविवारी मानोऱ्याहून मुद्दाम येणार होता.

फोटो स्टुडिओवाल्यानं पाठोपाठ काढलेले दोन फोटो निकिताला मिळाले होते. दोन्हींत चेंडू हवेत. त्यावरून हिशोब पक्का निघत होता. शनिवारी तिनं धीर करून आबांना सांगितलं. त्यांनी उठून चौकटीतल्या खोकेवरून बोट फिरवलं.

"जे हाये ते दाव," शेवटी म्हणाले. "खोटं करू नको." चहा मात्र तसाच निवला. निकिताचा जीव तुटला.

आजी बाजूला शेंगा सोलत होती. "पडते कुठीसा?" तिनं विचारलं.

"हापशीपाशी."

"या बाजूले का त्या बाजूले?"

"भिंतीकडच्या."

"बरं," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

रविवारी सभागृह गच्च भरलं. पडद्यावर जिनमैदान उगवलं आणि साठी-सत्तरीची माणसं पोरं झाली. एकानं पायरीची फुटकी कड ओळखली, दुसऱ्यानं चपला काढून हात जोडले. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मग षटकार आला. चेंडू उडाला, कडुनिंबावरून गेला, भिंतीपार झाला आणि हापशीपाशी पडला.

आबांनी मान खाली घातली. तेवढ्यात भाऊसिंग काठी टेकत उठला.

"बंद कर वं पोरी," तो म्हणाला. "यंत्राले काय समजते? चेंडू माहा होता. ती फुटकी खिडकी म्या त्याच दिवशी ह्या डोळ्यानं पाह्यली. चाळीस वर्षं निरा जळून नाई म्हणत होतो. रामकिसनभाऊ, तुहा चेंडू गेलता. कंप्युटर चुकला."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. दोघं म्हातारे गळ्यात पडले. जिलेबीचं टोपलं फिरायला लागलं. आबांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून निकितालाही भरून आलं, पण 'कंप्युटर चुकला' हे काही पटेना. सात वेळा तपासलेलं गणित! ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

आजी जिलेबीची बशी घेऊन शेजारी आली. "काहून तोंड पाडून बसली?"

"आजी, माझं काही चुकलं नाहीये गं."

"हळू बोल." आजीनं आबांकडे एक नजर टाकली. ते भाऊसिंगला हातवारे करून चौकटीची खोक समजावत होते. आजी पदराआड हसली आणि निकिताच्या कानाशी वाकली.

"तुहं गणित बराबर हाये. हापशीपाशी पडलेला चेंडू म्याच उचलला होता. माहा पयला नेम चौकटीले लागला, दुसऱ्यानं काच फुटली."