ड्युटीवरचे जवान

रिटायर्ड सुभेदारांनी पट्टी सोडून हात डॉक्टरीणबाईंसमोर धरला. विळ्याने कापलेलं बोट महिना झाला तरी चिघळतच होतं.

"औषधात हयगय नाही हं," ते मिशीवर ताव देत म्हणाले. "रोज बाहेरून एक टोपण रम आणि आतून अर्धी बाटली. जंतूंची काय बिशाद!"

"जंतू मजेत आहेत," बाई म्हणाल्या. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीरातले पहाऱ्यावरचे जवान. शत्रू आत शिरला की त्यांनी धावून जायचं. पण त्यांना वर्षानुवर्षं रोज दारू मिळत असेल, तर ते धावतील की झिंगून पडतील?"

सुभेदार ताडकन उठले. "ड्युटीवर दारू? अख्ख्या नोकरीत मी असा जवान खपवून घेतला नाही! पाठीवर वाळूचं पोतं देऊन मैदानभर पळवलंय एकेकाला!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. सुभेदार मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको सडा टाकायला अंगणात आली, तर हे पाठीवर वाळूचं पोतं घेऊन धापा टाकत घराला फेऱ्या मारत होते. मोरीपाशी रिकामी बाटली आडवी पडलेली.

"अगं बाई! सकाळी सकाळीच चढवली की काय?"

"मोरीत ओतली," सुभेदार न थांबता म्हणाले. "जवानांना दारू पोचवणारा सापडलाय. त्याची शिक्षा चालू आहे."