न सापडणारी दाढ

“कुठलीही एक काढा,” रफूवाल्या मावशी खुर्चीत आडव्या होत म्हणाल्या. “आज तशीच परत जाणार नाही.”

दातांच्या दवाखान्यातली ही तिसरी खेप होती. घरी रफू करायला बसलं की उजव्या जबड्यातून अशी कळ निघायची की हातातली सुई गळून पडायची. दुपारनंतर काम बंदच. पण या खुर्चीत पाठ टेकली, उशीवर डोकं ठेवलं, की दहा मिनिटांत दुखणं गायब! डॉक्टरबाईंनी एकेक दाढ ठोकून पाहिली, एक्स-रे काढला. सगळं ठणठणीत.

“दाढ भित्री आहे तिची,” बाकावरून नवरा म्हणाला. “घरी वाघीण, इथं मांजर.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

“मावशी, चांगली दाढ मी काढणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मग काय सुई खाली ठेवू? चाळीस वर्षांचा हात आहे माझा. एका दाढेपायी धंदा सोडू?”

डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीतल्या पेशंटकडे निघाल्या. तेवढ्यात मावशींना त्यांच्या कोटाचा फाटका खिसा दिसला.

“शिकल्यासवरलेल्या तुम्ही, आणि हे असं घालून फिरता? काढा तो कोट.”

डॉक्टरबाईंनी हसत कोट काढून दिला. मावशी उठून बसल्या, पिशवीतून सुईदोरा काढला आणि कामाला लागल्या.

अर्ध्या तासाने आरोळी आली. “आली, आली! कळ आली! पळा, पकड आणा!”

डॉक्टरबाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

“मावशी, अजिबात हलू नका.”

मावशींची हनुवटी पुढे आली होती. नाक कापडाला टेकायचं तेवढं बाकी होतं. खांदे कानांशी, दातांवर दात करकचून आवळलेले. डॉक्टरबाईंनी खुर्चीचा ट्रे छातीपर्यंत वर ओढला, कोट त्यावर ठेवला आणि मावशींचं डोकं हलकेच मागे उशीला टेकवलं.

“दात सैल सोडा. आता घाला टाका.”

मावशींनी टाके घातले. पाच, दहा, वीस. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

“गेली!”

“दाढ?” नवऱ्याने विचारलं.

“कळ हो!”

“दाढेचं दुखणं नव्हतंच हे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दिवसभर मान पुढे काढून बसता, दात आवळता. तो सगळा ताण जबड्यावर येतो. काम डोळ्यांपाशी आणा, डोळे कामापाशी नेऊ नका. मानेचे दोन व्यायाम सांगते. आता एकदा ‘आ’ करा, शेवटचं बघते.”

त्या आरसा घेऊन वाकल्या. मावशी खालून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. डॉक्टरबाईंचीही हनुवटी पुढे, खांदे कानांशी. तोंड मोकळं होताच मावशींनी विचारलं,

“डॉक्टरबाई, तुमची कुठल्या बाजूची दुखते?”

डॉक्टरबाईंचा हात आपसूक गालावर गेला.

“डावी,” त्या हळूच म्हणाल्या. “सोमवारी काढून घेणार होते.”