ताईची कालवं

"समुद्रात कार्बन डायऑक्साइड मुरून पाणी आंबट होत चाललंय गं. माझ्या कालवांच्या पिल्लांची सगळी ताकद शिंपला घडवण्यातच जाते, जगायला काही उरत नाही," ताई फोनवर म्हणाली. किनाऱ्यावरच्या कालवं वाढवायच्या केंद्रात ती एकटीच राहायची. माझ्या कडेवर बाळ रडत होतं. "पिल्लांचं राहू दे, तू वेळेवर जेव," म्हणत मी विषय उडवून लावला.

त्यानंतर ती फक्त बाळाचं विचारायची. तिचं विचारलं की म्हणायची, "माझं काय, मजेत!"

काल मी न कळवता तिच्याकडे गेले. टाक्या कोरड्या ठाक, आणि ताई निम्मी झालेली.

"पिल्लं गेली, मग केंद्रही बंद झालं. तू आधीच जिवाला घोर लावून घेतेस, तुला कुठे सांगू?"

तुमचंही कुणी असं मजेत असेल, तर फोन नको, जाऊन बघा.