घुबडासमोरची शिंक

"तुमची शिंक एकटी कधी येत नाही, ओळीने तीन येतात. आल्याच तर बसमध्ये जाऊन शिंका," काकूंनी काकांना सकाळीच बजावलं होतं.

उत्तरेकडच्या त्या गोठलेल्या रानात काकू कॅमेरा लावून बसल्या होत्या. समोर झाडाच्या ढोलीत घुबड डोळे मिटून ढाराढूर. पक्ष्याला मुद्दाम उठवायचं नाही, हा काकूंचाच नियम. काका शेजारी मफलरमध्ये नाक खुपसून गप्प. मधूनमधून काकूंची गारठलेली बोटं तेवढी चोळून देत होते.

परतीच्या बसचा हॉर्न वाजला. काकूंनी शेवटचं एकदा कॅमेऱ्याला डोळा लावला आणि काका सणसणीत शिंकले. घुबडाने पिवळेजर्द डोळे उघडून काकांकडे रागाने पाहिलं. काकूंचं बोट आपसूक बटणावर दाबलं गेलं. घुबड पुन्हा झोपलं.

"एवढंही आवरत नाही का हो तुम्हाला?"

"थंडीच केवढी आहे!"

बसमध्ये काकू किती तरी वेळ तो फोटो बघत राहिल्या. मग त्यांनी काकांचा मफलर नीट गुंडाळला आणि हळूच विचारलं,

"उरलेल्या दोन कुठे गेल्या?"