टोकियोतला वारा

“ज्यानं जग पाहिलंय ना, तो माणूस कधी गडबडत नाही,” गोपालनं खाटेवरून जाहीर केलं आणि त्याच श्वासात जयश्रीला विचारलं, “पासपोर्ट घेतलास का?”

पासपोर्ट तिच्या हातात होता. मघाशी त्यानंच दिला होता.

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या गल्लीत जग पाहिलेला माणूस एकच. सुरतेहून परदेशी सहली निघतात, त्यांच्याबरोबर स्वयंपाकाचे महाराज जातात, कारण सुरतेच्या शेठलोकांना जपानातही संध्याकाळी कढी-खिचडी लागते. महाराजांच्या हाताखाली गोपाल. असं त्याचं दोन-तीनदा जपान झालं होतं. यंदाही जायचंच होतं. पण टोकियो, क्योटो, ओसाका करून धडधाकट परतलेला पाय महिन्यापूर्वी घरच्या मोरीत घसरला आणि प्लास्टरमध्ये गेला. सहलवाल्या शेठनं फारसा शोक केला नाही. जयश्री त्यांच्याच इथं पोळ्या लाटायची. “घरवाळीनो पासपोर्ट छे ने?” एवढंच त्यांनी विचारलं.

रिक्षा यायची होती. गोपालचा धड पाय जमिनीवर ठरत नव्हता.

“ऐक. टोकियोत हिंगाची डबी एकदम उघडायची नाही. हॉटेलवाला येतो, वाकून नमस्कार करतो, मग पुन्हा वाकतो. तो निघेपर्यंत भाजी करपते.”

“बरं.”

“फोडणी पंख्याच्या खालीच द्यायची. नाहीतर छताला धुराची घंटी आहे, ती वाजली की अख्खं हॉटेल रस्त्यावर. क्योटोत भांडी घासायची जागा उथळ, कढई आडवी धरावी लागते. ओसाका मात्र एक नंबर! नळाला कढत पाणी. तेलकट पातेलं नुसतं खाली धरलं तरी निघतं.”

“आणि बाहेर काय आहे?”

“कुठे बाहेर?”

“ओसाकात.”

गोपालनं प्लास्टरवरची माशी हाकलली. माशी नव्हती.

“बाहेर गर्दी आहे,” तो म्हणाला.

एवढ्यात शेजारच्या शोभाबाई शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आत आल्या. “माय वं, तू बी जपानले जाई राहिनी! तो टावर देखजो बरं का. गोपालभाऊनी सांगेल शे ना, वरथून समुंदर दिखस, बरफना डोंगर दिखस.”

टोकियोचा तो टॉवर गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. गोपाल दर खेपेला परत आला की त्याची उंची थोडी वाढायची. मागच्या खेपेला तर वरच्या वाऱ्यानं गोपालची टोपी उडून गेली होती. गोपाल टोपी घालत नसे, पण हे कोणी त्याच्या लक्षात आणून दिलं नव्हतं.

“टॉवरच्या नादी लागू नको,” गोपाल घाईघाईनं म्हणाला. “दुरुस्तीबिरुस्ती चालू असेल आता. शिवाय तुला वेळ कुठला? लोक फिरायला गेले की आपण बटाटे सोलायचे.”

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. शोभाबाई बॅगेत चटणीला जागा शोधत होत्या, त्यांच्या कानावर गेलं नाही. जयश्रीनं ऐकलं.

“काल महाराज भेटले होते,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मदतनिसाला फिरायच्या बसमध्ये जागा असते म्हणे. रिकामीच जाते. ‘तुमच्या गोपालनं कधी विचारलंच नाही,’ म्हणाले.”

“मग?”

“मग मी विचारलं. बटाटे आदल्या रात्रीच सोलून पाण्यात टाकून ठेवते, म्हटलं. सकाळी बसमध्ये मी.”

गोपालची काठी खाटेवरून घरंगळली आणि खाली पडली.

त्याला पुढचं सगळं लख्ख दिसायला लागलं. सहल संपणार, ही परत येणार, गल्ली जमणार. शोभाबाई सगळ्यांत पुढे बसून विचारणार, गोपालभाऊ सांगतात तसाच आहे ना वं टावर? आणि या बाईला खोटं बोलता येत नाही. लग्नाआधी कोणी याची कल्पना दिली नव्हती.

“आल्यावर काय सांगशील लोकांना?” त्यानं विचारलं.

“आधी बघू तर द्या.”

ती वाकली, काठी उचलून त्याच्या हाताशी ठेवली आणि बॅगेची चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडली. शोभाबाईंनी दोन्ही बाजूंनी बॅग दाबली.

“त्या टावरवर भ्याव नही वाटाव का तुले?” शोभाबाईंनी विचारलं.

जयश्रीनं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. गोपाल प्लास्टरकडे पाहत होता.

“ह्यांनी सांगून ठेवलंय सगळं,” ती म्हणाली. “वर वारा फार असतो. पदर खोचून घे म्हणाले.”

“ते खरं वं! भाऊनी टोपी नही का उडी गयथी!”

“हो ना. चांगली टोपी होती.”

गल्लीतून जयश्रीच्या मुलीची, हर्षदाची हाक आली, “मम्मी, रिक्षा आवी गई!” शोभाबाई बॅग उचलून जिन्याकडे निघाल्या. जयश्रीनं देवाला हात जोडले, गॅस बंद आहे का पाहिलं आणि चप्पल पायात सरकवली.

“अगं, थांब जरा.”

“घेतलाय पासपोर्ट.”

“ते नाही.” शोभाबाईंची पावलं जिना उतरून खाली जाईपर्यंत गोपालनं दाराकडे कान लावून ठेवला. मग त्यानं आवाज खाली आणला.

“वर गेलीस की व्हिडिओ कॉल लाव. आणि फोन जरा हळू फिरव.”