उजवीकडचा भांग

“केस मोकळे सोडा, मिसेस सगडेन,” पिकर्डसर तिसऱ्यांदा म्हणाले. “ही बाई वेडी झाली आहे.”

एनिड सगडेन रंगमंचाच्या मधोमध उभी होती. प्रयोग नऊ दिवसांवर आला होता आणि चॅपलच्या सभागृहातली शनिवार दुपारची तालीम तिसऱ्या अंकावर अडून बसली होती. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं. ड्यूकने एका विधवेचा मुलगा मारलेला असतो. सूड घ्यायला ती वेडाचं सोंग घेऊन त्याच्याच घरात शिरते. वेडीला कोण अडवणार?

“सोंग घेतलंय तिने,” एनिड म्हणाली.

“मग ते दिसू दे की. पिंजारलेले केस, फिरलेले डोळे, मधेच हसणं. मागच्या रांगेला कळायला नको?”

“आणि सोंग नसलं तर?”

पिकर्डसर गावच्या शाळेत वाङ्मय शिकवायचे. याच एका प्रश्नावर त्यांनी चाळीस पानं टिपणं काढली होती. “सोंगच आहे. पहिल्या अंकात ती स्वतःच तसं सांगते.”

“सांगते खरी. पण तिला तरी कुठे ठाऊक असणार?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “थेल्माला सगळी वाक्यं पाठ आहेत,” ते पुसता पुसता म्हणाले.

पोस्टातली थेल्मा चहाच्या टेबलाशी कप मांडत होती. केस कमरेपर्यंत. तिने मान वर केली नाही.

एनिडचं हाय स्ट्रीटवर बायकांचे केस कापायचं दुकान होतं. या मंडळात वीस वर्षं तिच्या वाट्याला दाया आणि शेजारणीच आल्या होत्या. ही भूमिका मिळाल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाणी ओततानाही वाक्यं पुटपुटायची.

“एकदा माझ्या पद्धतीने करू द्या,” ती म्हणाली. “नाही पटलं, तर थेल्माला द्या. मी तिचे केस पिंजारून देईन.”

विल्फ बॅराक्लफ ड्यूकच्या खुर्चीत जाऊन बसला. विल्फचं खाटकाचं दुकान. आवाज दणदणीत, म्हणून ड्यूक. वेडी किंचाळत येऊन त्याच्या पायाशी लोळण घेणार आणि तो तिला हाकलून द्यायला सांगणार, असा प्रवेश होता.

एनिड आली ती चालत. केस चापूनचोपून बसवलेले, एकही पिन सुटलेली नाही. खुर्चीला वळसा घालून ती विल्फसमोर उभी राहिली आणि शाळेला उशीर झालेल्या मुलाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. मग खिशातून कंगवा काढला.

विल्फचा भांग पन्नास वर्षं डावीकडे होता. तिने दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि भांग उजवीकडे पाडायला घेतला. घाई नव्हती. एक बट काही केल्या बसेना. तिने अंगठा ओला केला आणि ती दाबून धरली.

“माझ्या पोराला ओळखलंत का, सरकार?”

वाक्य नाटकातलंच. सरांना तिथे किंकाळी हवी होती. तिने ते दुकानात भाव विचारावा तितक्या साध्या आवाजात म्हटलं.

आता विल्फची पाळी होती. ‘हाकला हिला’, एवढे दोनच शब्द, आणि ते त्याला दीड महिना पाठ होते. त्याने तोंड उघडलं. खुर्चीचे हात घट्ट धरले.

“एनिड, अगं...” तो म्हणाला आणि थांबला.

चहाच्या टेबलाशी कुणीतरी नळ बंद केला.

“हे कुठून आणलंत?” शेवटी सरांनी विचारलं.

एनिड कंगव्यात अडकलेले केस काढत होती. “आई टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळात होती. अकरा वर्षं. हॅरल्ड गेला तेव्हापासून. माझा मोठा भाऊ. रविवारी भेटायला गेले की ती मला समोर बसवायची आणि माझा भांग त्याच्यासारखा पाडायची. उजवीकडे.”

“आणि तुम्ही?”

“मी बसून राहायचे.” तिने कंगवा खिशात टाकला. “तिचे स्वतःचे केस मात्र विस्कटलेले कधी बघितले नाहीत मी. एकदासुद्धा नाही.”

टेकडीवर कुणाचं कोण होतं हे गावात सगळ्यांना माहीत असायचं. एनिडच्या तोंडून ते कुणी ऐकलं नव्हतं.

सरांनी टिपणांची वही उघडली, एका पानावर पेन्सिल टेकवली, तशीच उचलली. “पण मग पाचव्या अंकात ही त्याला मारणार कशी?” ते म्हणाले. या खेपेला ते खरोखरच विचारत होते. “इतक्या मायेने केस विंचरल्यावर?”

“तेच मला जड जाणार आहे,” एनिड म्हणाली. “तिलाही जाऊ दे.”

सरांनी वही मिटून थेल्माला हाक मारली. थेल्मा कप घेऊन रंगमंचाच्या पायऱ्या चढतच होती. एनिडच्या हातात तो देत ती म्हणाली, “दोन चमचे साखर घातली आहे. आज नाही म्हणू नका.”

पाच वाजता मंडळी कोट चढवून निघाली. बाहेर माळावरचा वारा सुटला होता. दाराशी मफलर गुंडाळताना पिकर्डसर म्हणाले, “विल्फ, टोपी घाला. कान गारठतील.”

विल्फने हातातली टोपी एकदा उलटसुलट केली, घडी करून कोटाच्या खिशात सारली आणि एक तळवा डोक्यावर हलकेच धरून वाऱ्यातून घराकडे चालू लागला.