दिवंगत बापाचं गाणं

कोल्बीचं नाव अख्ख्या पश्चिम टेक्सासात झालं ते एका गाण्यामुळे: देवमाणूस बाप वारल्याचं गाणं. ते ट्रकच्या रेडिओवर ऐकून त्याचा बाप ओडेल तणतणत डान्स हॉलपाशी आला आणि गाडीतून गिटार उतरवणाऱ्या पोराची त्याने कॉलरच धरली.

"मला जितेपणी मारून नाव कमावतोस, हलकटा? आज स्टेजवर चढतो नि सगळ्यांना सांगतो, बाप ठणठणीत आहे म्हणून!"

कोल्बीने कॉलर सोडवून घेतली. "सांग की. तू जिवंत झालास, की आईचा हात कुणी मोडला ते गाणं गातो. लिहून तयार आहे."

ओडेल आत गेला, पण स्टेजकडे काही फिरकला नाही. शेवटी ते गाणं सुरू झालं. नाचणाऱ्या जोड्या थांबल्या आणि नेहमीप्रमाणे सगळ्या पुरुषांनी हॅट उतरवल्या. ओडेल तेवढा तसाच उभा.

"ओ आजोबा," शेजारची बाई डोळे पुसता पुसता खेकसली, "हॅट काढा आधी! गेलेल्या माणसाचा काही मान ठेवाल की नाही? असा बाप सगळ्यांच्या नशिबी नसतो."

ओडेलने स्टेजवरच्या पोराकडे पाहिलं आणि हॅट काढली.